सुडौल देहाचे अपुरे अंदाजपत्रक

दागिने, दूरचित्रवाणी संच आणि मोटारी ह्यांच्या जोडीला आता शरीराचा घाटही हप्त्यांवर मिळू लागला आहे. पोटावरची चरबी शोषून घेणे, सैल झालेली कातडी कापून पोट सपाट करणे, दंड, मांड्या व कंबर ह्यांना आकार देणे, अशा शस्त्रक्रियांच्या जाहिराती पुण्यातील सुशिक्षित कुटुंबांच्या मोबाइलवर सतत येऊन आदळतात. त्यांत एकूण किमतीपेक्षा मासिक हप्त्याचा आकडा पुष्कळदा मोठ्या अक्षरांत असतो. एकेकाळी हा विषय चित्रपटसृष्टीतील मंडळींचा आणि धनिकांचा समजला जाई. आज संगणक कंपनीतील नोकरदार, बँकेतील कर्मचारी, दोन बाळंतपणे झालेली शिक्षिका आणि लग्नाला उभा राहिलेला तरुण हेही ह्या दारात उभे आहेत.

त्यांनी तेथे जावे की जाऊ नये, ह्याविषयी नीतीचे प्रवचन करण्याचा येथे हेतू नाही. आपल्या शरीराचे काय करावे हे ठरविण्याचा प्रौढ माणसाचा अधिकार मान्य केलाच पाहिजे. प्रश्न आहे तो हिशेबाचा. लग्न ठरले की आपल्याकडे याद्या होतात. कोणी काय द्यायचे व कोणता खर्च कोणी करायचा, हे कागदावर उतरते आणि त्याखाली दोन्ही बाजूंच्या सह्या होतात. देहावर सुरी चालवून घेण्याच्या व्यवहारात मात्र तोंडी सांगितलेल्या एका आकड्यावर कुटुंबे विसंबतात, ही गोष्ट चमत्कारिक आहे. हा आकडा बहुधा सर्व काही सुरळीत पार पडेल असे गृहीत धरून सांगितलेला असतो. काही बिघडले तर त्याचा खर्च कोणी सोसायचा, ह्याचे उत्तर त्यात नसते. विमा कंपनी तो सोसत नाही, शासन सोसत नाही आणि डॉक्टरने तो सोसावा असा करारही झालेला नसतो. उरतो तो रुग्ण आणि त्याचे घर.

पुण्याचा वारसा

प्लास्टिक सर्जरी हा विषय पुण्याला नवा नाही. किंबहुना ह्या शास्त्राच्या अर्वाचीन पुनर्जन्माची एक ठळक खूण पुण्याच्या परिसरातच सापडते. १७९२ च्या म्हैसूरच्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा शेतकरी टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला; त्याचे नाक आणि एक हात तोडण्यात आला. वर्षभर तो तसाच राहिला. पुढे पुण्याजवळ विटा पाडण्याचा धंदा करणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक बसवून दिले. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली आणि लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात तिची हकीकत प्रसिद्ध झाली. त्या हकीकतीने प्रेरित होऊन जोसेफ कार्प्यू ह्या इंग्रज शल्यविशारदाने १८१४ साली लंडनमध्ये ह्याच पद्धतीने नाक घडविले आणि युरोपात ह्या विद्येचा प्रसार सुरू झाला. सुश्रुताच्या संहितेत वर्णिलेली विद्या पुण्याच्या वाटेने अशी जगात गेली.

स्वातंत्र्यानंतरची परंपराही मोठी आहे. देशातील प्लास्टिक सर्जरीचा पहिला स्वतंत्र विभाग १९५८ साली नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन ह्यांनी उभा केला. डॉ. नोशीर अंतिया हे इंग्लंडमध्ये सर हॅरल्ड गिलीज ह्यांच्या हाताखाली शिकून आले आणि पुण्याजवळच्या कोंढवा येथील कुष्ठरुग्णालयात त्यांनी रुग्णांची विद्रूप झालेली बोटे व नाके दुरुस्त करण्याचे काम हाती घेतले. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी ह्या शाखेचा लौकिक वाढविला.

ह्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. कावसजीला श्वास घेता येत नव्हता म्हणून त्याने नवे नाक करवून घेतले नाही; चारचौघांत तोंड दाखविता यावे म्हणून करवून घेतले. कुष्ठरोग बरा झालेल्या माणसालाही गावात परत जाण्यासाठी चेहरा हवा होता. रूप आणि अब्रू ह्यांचे नाते समाजाने जोडलेले आहे, आणि ज्याला त्याचे चटके बसतात त्यालाच ‘हे चोचले कशाला?’ असे विचारणे हा न्याय नव्हे. चाळीस-पन्नास किलो वजन उतरविल्यानंतर पोटावर व मांड्यांवर कातडीच्या घड्या लोंबणाऱ्या माणसाची कुचंबणा ज्याने पाहिली आहे, तो हा शब्द उच्चारणार नाही. तथापि निव्वळ फॅशनपायी कमरेचे दोन इंच कमी करू पाहणाऱ्याची गरज आणि ह्या माणसाची गरज एकच आहे, असेही म्हणता येणार नाही. ह्या दोन टोकांच्या मध्ये पुष्कळ प्रदेश आहे आणि आपल्या कायद्याचा सारा गोंधळ त्या मधल्या प्रदेशातच आहे.

चैन की उपचार?

विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली आरोग्यविम्यातून वगळावयाच्या बाबींची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली. तीनुसार रूप बदलण्यासाठी केलेल्या सौंदर्यशस्त्रक्रियेचा अथवा प्लास्टिक सर्जरीचा खर्च मिळत नाही. अपघात, भाजणे किंवा कर्करोग ह्यांनंतरची पुनर्रचना, तसेच आरोग्याला असलेला प्रत्यक्ष व तात्काळ धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असा उपचार, एवढेच अपवाद आहेत. आणि ती आवश्यकता उपचार करणाऱ्या डॉक्टरने प्रमाणित केलेली असावी लागते. स्थूलतेवरील बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेला मात्र ह्याच नियमांनी वाट ठेवली आहे. रुग्ण अठरा वर्षांवरील असावा, देहभार निर्देशांक ४० किंवा त्याहून अधिक असावा, अथवा गंभीर सहव्याधींसह ३५ किंवा अधिक असावा, आणि साधे उपाय थकलेले असावेत, अशा त्या अटी आहेत.

आता ह्या दोन नियमांची सांगड घालून पाहावी. अतिस्थूल माणसाची पहिली शस्त्रक्रिया विम्यात बसते. वजन उतरते, मधुमेह व रक्तदाब आटोक्यात येतात. परंतु वजन झपाट्याने उतरल्यावर ताणलेली कातडी सैल होऊन लोंबते. घड्यांमध्ये घाम साचतो, पुरळ उठते, जंतुसंसर्ग होतो, चालणेही अवघड होते. त्या कातडीवर शस्त्रक्रिया करावयाची म्हटली की प्रकरण एकदम ‘सौंदर्या’च्या खात्यात जाऊ शकते. पहिल्या उपचाराचा जो परिणाम पुष्कळ रुग्णांत अपेक्षितच असतो, त्याची जबाबदारी दुसऱ्या नियमाने झटकून टाकावी, हे तर्कसंगत नाही. ‘तात्काळ धोका’ ह्या शब्दांचा अर्थ कोणी लावायचा, हाही प्रश्न राहतोच. वारंवार होणारा त्वचेचा संसर्ग तात्काळ धोका मानायचा की नाही?

करव्यवस्थेची दृष्टी ह्याहून निराळी नाही. २००९ च्या सप्टेंबरपासून सौंदर्यशस्त्रक्रियेवर सेवाकर बसला आणि २०१७ साली वस्तू व सेवा कर आल्यावर आरोग्यसेवेला मिळालेल्या माफीतून ती वगळण्यात आली. जन्मजात व्यंग, वाढीतील दोष, इजा वा आघात ह्यांमुळे बिघडलेली शरीररचना अथवा कार्य पूर्ववत करण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया तेवढी माफ आहे. ह्या कराच्या सेवावर्गीकरणात तर सौंदर्यशस्त्रक्रिया ही नखे कातरून रंगविण्याच्या सेवेबरोबर एकाच ओळीत बसविलेली आहे. भूल देऊन, पोटाची कातडी कापून, स्नायू शिवून केलेल्या शस्त्रक्रियेची आणि नखांच्या रंगाची अशी पंगत एका ओळीत मांडणाऱ्याने शस्त्रक्रियागृहाचे दार बहुधा कधी पाहिले नसावे! चैन म्हणून कर घेण्यास हरकत नाही. परंतु चैन म्हणून कर घ्यायचा आणि त्या चैनीच्या बाजारावर देखरेख ठेवण्याच्या वेळी मात्र ‘हा डॉक्टर-रुग्णांमधला खासगी मामला आहे’ असे म्हणायचे, ही दुटप्पी भूमिका झाली.

चरबीचा हिशेब

पैशांच्या अंदाजपत्रकाआधी अपेक्षांचे अंदाजपत्रक मांडले पाहिजे, कारण निम्मी निराशा तेथेच जन्मते. चरबी शोषून घेण्याची शस्त्रक्रिया हा वजन उतरविण्याचा उपाय नाही. व्यायामाने व आहाराने न हटणारे ठरावीक जागचे थर कमी करणे, एवढेच तिचे काम आहे. डॉ. सॅम्युएल क्लाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास ह्या दृष्टीने डोळे उघडणारा आहे. पंधरा स्थूल स्त्रियांच्या पोटावरची पुष्कळशी चरबी ह्या पद्धतीने काढण्यात आली. परंतु दहा-बारा आठवड्यांनी तपासले असता इन्शुलिनला मिळणारा शरीराचा प्रतिसाद, रक्तदाब किंवा रक्तातील मेद ह्यांत लक्षणीय सुधारणा आढळली नाही. आकार बदलला, आरोग्य होते तेथेच राहिले.

ह्याचे मर्म समजावून सांगणारे संशोधन पुण्यातच झालेले आहे. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी भारतीय माणूस दिसायला किरकोळ परंतु आतून चरबीयुक्त असतो, हे अनेक वर्षांच्या अभ्यासाने दाखवून दिले. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आपले ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन ह्यांच्यासमवेत स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचा देहभार निर्देशांक अगदी सारखा, २२.३, परंतु युडकिन ह्यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! मधुमेह व हृदयविकार ह्यांच्याशी अधिक निकटचा संबंध असलेली चरबी पोटाच्या आत, आतड्यांभोवती व यकृतात असते. तेथवर शोषनळी पोहोचत नाही. ती कातडीखालचाच थर काढते. तेव्हा ‘पोट कमी झाले, आता साखरही कमी होईल’ अशा समजुतीने कोणी पैसे मोजत असेल, तर तो ज्या वस्तूचे पैसे देत आहे ती वस्तू त्या दुकानात मिळतच नाही. वजन पुन्हा वाढले तर आकारही बिघडतो. पोट सपाट करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा गर्भारपण आले तर केलेले काम बऱ्याच अंशी वाया जाऊ शकते. म्हणून मुलांचा विचार संपलेला असणे आणि वजन काही महिने स्थिर असणे, ही ह्या खर्चाची पहिली अट मानावी. बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतर तर साधारणतः वर्ष-दीड वर्ष थांबण्याचा सल्ला दिला जातो. थांबण्याला खर्च येत नाही. घाईला मात्र येतो.

दरपत्रकाबाहेरचा खर्च

आता पैशांकडे वळू. जाहिरातीत दिसणारा आकडा हा प्रायः ‘येथून पुढे’ असा असतो. शल्यविशारदाचे मानधन, भूलतज्ज्ञाचे मानधन, शस्त्रक्रियागृहाचे भाडे, खोलीचे भाडे, रक्ततपासण्या, औषधे, नंतर काही आठवडे घालावयाचा घट्ट दाबपट्टा, ड्रेसिंगच्या फेऱ्या आणि कर ह्यांपैकी काय त्यात धरले आहे व काय नाही, हे विचारल्याशिवाय कळत नाही. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर बैठ्या कामावर परतायलाही दोन-तीन आठवडे लागू शकतात. जड वजन उचलणे सुमारे दीड महिना वर्ज्य असते. घरात लहान मूल असेल तर ते कोण उचलणार, स्वयंपाक कोण करणार, ह्याचाही खर्च असतो. आपल्याकडे तो बहुधा सासूच्या किंवा आईच्या खात्यावर बिनबोभाट टाकला जातो, एवढेच.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडू. समजा, सांगितलेला आकडा दोन लाख रुपयांचा आहे. तपासण्या, औषधे, दाबपट्टा व येण्याजाण्याचा खर्च मिळून पंचवीस हजार धरले. दरमहा साठ हजार पगार असलेल्या माणसाला तीन आठवडे बिनपगारी रजा घ्यावी लागली, तर बेचाळीस हजार गेले. गुंतागुंत उद्भवल्यास अथवा दुरुस्तीची छोटी शस्त्रक्रिया करावी लागल्यास हाताशी असावी म्हणून मूळ रकमेच्या चौथाईइतकी, म्हणजे पन्नास हजारांची गंगाजळी ठेवली. बेरीज तीन लाख सतरा हजार झाली. दोन लाखांचे कर्ज बारा टक्के सरळ व्याजाने दोन वर्षांसाठी काढले, तर व्याज अठ्ठेचाळीस हजार. एकूण तीन लाख पासष्ट हजार. आणि कर त्याहून वेगळा. गंगाजळी खर्ची पडली नाही तर ती शिल्लक राहील हे खरे. परंतु ती नसेल तर दोन लाखांची शस्त्रक्रिया परवडते असे म्हणता येणार नाही.

व्याजाचा हा आकडाही फसवा आहे. दोन लाखांवर बारा टक्के ‘सरळ’ व्याज म्हणजे चोवीस महिने सुमारे १०,३३३ रुपयांचा हप्ता. मुद्दल दरमहा फिटत जाते, व्याज मात्र संपूर्ण दोन लाखांवर आकारलेले असते. घटत्या शिलकीवर मोजले तर हाच दर सालीना सुमारे साडेएकवीस टक्के पडतो. त्यात प्रक्रियाशुल्काची भर पडली तर आणखी वर जातो. ‘बिनव्याजी हप्ते’ ही तर शब्दांचीच किमया आहे. शून्य टक्के व्याज अशी काही वस्तूच नसते आणि ते व्याज अनेकदा प्रक्रियाशुल्काच्या वेषात वसूल केले जाते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ मुदतकर्जांसाठी सर्व शुल्कांसह वार्षिक दर दाखविणारे तथ्यपत्रक कर्जदाराला देणे बँकांवर व वित्तकंपन्यांवर बंधनकारक आहे. दवाखान्याच्या स्वागतकक्षातच कर्जाचा अर्ज भरून घेतला जात असेल, तर सही करण्यापूर्वी हे पत्रक मागून घ्यावे आणि घरी नेऊन वाचावे.

स्वस्ताईचा धोका

ह्या हिशेबाने बिचकून जो तो स्वस्त दर शोधू लागला, तर आगीतून फुफाट्यात पडण्याची वेळ येईल. ही शस्त्रक्रिया निरोगी माणसावर केली जाते, म्हणून ती किरकोळ ठरत नाही. रक्तवाहिन्यांत गुठळी होणे, चरबीचा कण फुप्फुसात जाणे, जंतुसंसर्ग, रक्तस्राव हे धोके विरळा असले तरी प्राणघातक आहेत. एका वेळी शोषून काढलेल्या द्रव्याचे प्रमाण पाच लिटरच्या पुढे गेले की जोखीम वाढते, म्हणून तेथे रात्रभर देखरेखीची सोय असावी असे मानले जाते. नितंबांत चरबी भरण्याच्या शस्त्रक्रियेत तर दर तीन हजारांमागे एक मृत्यू होत असावा, असा अंदाज २०१७ साली त्या क्षेत्रातील तज्ज्ञांच्याच गटाने मांडला होता. मे २०२२ मध्ये बंगळुरूत एका एकवीस वर्षांच्या कन्नड अभिनेत्रीचा चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मृत्यू झाला, तेव्हा देशभर हळहळ व्यक्त झाली आणि चार दिवसांत ती विरूनही गेली.

त्याच वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने केशरोपण व सौंदर्यशस्त्रक्रिया ह्यांबाबत सूचना काढल्या. रीतसर शस्त्रक्रियेचे शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच त्या कराव्यात. कार्यशाळेत बसून अथवा चित्रफिती पाहून हे कौशल्य येत नाही, असा त्यांचा आशय होता. असे सांगण्याची वेळ आयोगावर यावी, ह्यावरूनच बाजाराची कल्पना येते. खर्चात काटछाट करावयाची झाली तर ती खोलीच्या थाटमाटात करावी. शल्यविशारदाची पात्रता, स्वतंत्र भूलतज्ज्ञाची उपस्थिती आणि अतिदक्षता विभागाची सोय ह्या तीन बाबींत करू नये. ह्या तिन्हींपैकी एकाही बाबतीत दवाखाना स्पष्ट उत्तर देऊ शकत नसेल, तर तेथला दर कितीही कमी असला तरी तो महागच समजावा.

शासनाने काय करावे?

एवढा सगळा हिशेब रुग्णानेच मांडावा, अशी अपेक्षा करून समाजाला मोकळे होता येणार नाही. रुग्ण आणि डॉक्टर ह्यांच्या ज्ञानात महदंतर असते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली आणि २००८ साली समीरा कोहली खटल्यात संमती ही पुरेशी माहिती देऊन, त्या विशिष्ट उपचारासाठीच घेतलेली असली पाहिजे असा दंडक घातला. हे दोन्ही निर्णय मोलाचे आहेत. परंतु ते इजा झाल्यानंतर उपयोगी पडतात. इजेच्या आधी उपयोगी पडतील असे नियम हवेत.

ते अन्यत्र झालेले आहेत. फ्रान्समध्ये सौंदर्यशस्त्रक्रियेपूर्वी तपशीलवार लेखी दरपत्रक द्यावे लागते आणि ते दिल्यानंतर किमान पंधरा दिवस गेल्याशिवाय शस्त्रक्रिया करता येत नाही. ह्या काळात सल्लामसलतीच्या शुल्काखेरीज एक पैसाही घेता येत नाही. ब्रिटनमधील वैद्यक परिषदेने २०१६ पासून डॉक्टरांवर रुग्णाला विचारासाठी अवधी देण्याचे बंधन घातले असून उतावीळ निर्णयाला उत्तेजन देणाऱ्या विक्रीच्या युक्त्या वर्ज्य केल्या आहेत. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून नेहमीच्या डॉक्टरची शिफारस आणि किमान सात दिवसांचा विचारकाळ आवश्यक आहे. आपल्या शरीराविषयी विकृत न्यूनगंड जडलेल्या व्यक्तीला आधीच ओळखून काढण्याची जबाबदारीही शल्यविशारदावर आहे. ह्या तिन्ही देशांत सौंदर्यशस्त्रक्रिया बंद पडलेली नाही. घाई तेवढी कमी झाली.

महाराष्ट्राला हे अशक्य नाही. शुश्रूषागृह नोंदणीच्या १९४९ च्या कायद्याखालील नियमांत जानेवारी २०२१ मध्ये सुधारणा होऊन रुग्णहक्कांची सनद व सेवांचे दर दर्शनी भागात लावणे आणि तक्रारनिवारणाची व्यवस्था असणे आवश्यक झाले. ह्याच नियमांत निकडीच्या नसलेल्या सौंदर्यशस्त्रक्रियांसाठी चार कलमे घालता येतील. पहिले, बाबवार लेखी दरपत्रक, ज्यात कर वेगळा दाखविलेला असेल. दुसरे, गुंतागुंत झाल्यास व दुरुस्तीची शस्त्रक्रिया लागल्यास कोणता खर्च कोण सोसणार, ह्याचे लेखी उत्तर. तिसरे, दरपत्रक आणि शस्त्रक्रिया ह्यांमध्ये किमान पंधरा दिवसांचे अंतर व त्या काळात आगाऊ रक्कम घेण्यास मनाई. चौथे, दवाखान्याच्या आवारात कर्जविक्री करण्यास बंदी. ह्यासाठी शासनाच्या तिजोरीवर फारसा भार पडणार नाही. विमा प्राधिकरणानेही अतिस्थूलतेवरील उपचारानंतरच्या सैल कातडीबाबत स्पष्ट वैद्यकीय निकष ठरवून द्यावेत; तोपर्यंत अशा रुग्णांनी संसर्गाच्या प्रत्येक उपचाराची नोंद जपून ठेवावी आणि शस्त्रक्रियेपूर्वीच विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे.

ह्यावर डॉक्टरमंडळींकडून आक्षेप येईल की गुंतागुंतीचा खर्च आधी सांगता येत नाही. शरीर म्हणजे यंत्र नव्हे. आक्षेपात तथ्य आहे. परंतु नेमका आकडा सांगता येत नसला तरी नेहमीच्या गुंतागुंती कोणत्या आणि त्यांच्या खर्चाच्या सीमा साधारण कोणत्या, हे अनुभवी शल्यविशारद निश्चित सांगू शकतो. शिवाय असे नियम प्रामाणिक डॉक्टरांच्याच हिताचे आहेत. जो सर्व खर्च आधी खुलेपणाने सांगतो, तो आज अर्धा खर्च लपविणाऱ्यापुढे महाग ठरतो आणि रुग्ण गमावतो. सर्वांनाच पूर्ण आकडा सांगावा लागला, तर स्पर्धा कौशल्याची होईल.

पुणे हे ग्राहक चळवळीचे माहेर. १९७४ साली बिंदुमाधव जोशी ह्यांनी ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ ह्याच शहरात रोवली, तेव्हा प्रश्न साखर, तेल आणि वजनमापांचे होते. काट्यात मारलेल्या छटाकभर मालाबद्दल व्यापाऱ्याला जाब विचारणाऱ्या ह्या शहराने स्वतःच्या देहाच्या व्यवहारात पावती मागण्याचा संकोच का करावा? आपल्या रूपाविषयी असमाधान वाटणे ही काही लाजेची गोष्ट नव्हे. पण त्याविषयी वाटणाऱ्या संकोचामुळेच हे व्यवहार घरातल्या माणसांपासून लपवून, मित्रांना न विचारता, घाईघाईने उरकले जातात. विक्रेत्याला ह्याहून अनुकूल गिऱ्हाईक कोणते? कुटुंबात मोकळेपणाने चर्चा होणे, दुसऱ्या डॉक्टरचे मत घेणे आणि कागद मागणे, हे ह्या व्यवहारातील खरे संरक्षण आहे. शरीर कसे असावे हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु त्यासाठी मोजलेल्या पैशांचा व पत्करलेल्या जोखमीचा संपूर्ण हिशेब त्याच्यासमोर ठेवला जाईल, एवढी हमी समाजाने दिलीच पाहिजे.